अंगणातील गोणीत बटाट्याचे पीक

पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील सौंसर तहसीलीतले बोरगाव संत्र्याच्या व कपाशीच्या पट्ट्यात मोडते. येथे औद्योगिक क्षेत्रही असल्याने शेतजमीन नसलेली बरीच कुटुंबे राहतात. अशा कुटुंबांना अंगणात, गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात बटाटा घेणे शक्य आहे.

बटाटा हे मूळ नसून जमिनीखालील खोडाचे फुगलेले टोक होय. रात्रीची हवा थंड असेल तरच ते चांगले फुगते. उष्मा वाढताच वाढ खुंटते. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर पावसाळी हवा थंड असल्याने हे पीक खरिपात घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते रब्बीतच घ्यावे. लागवड ऑक्टोबर अखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी.

यासाठी जुनी गोणी, गळका डबा किंवा फुटकी बादली चालते. खोली व रुंदी किमान एक हात असावी व तळाशी चार-पाच छिद्रे पाडावीत. रसायने, रंग अथवा कीटकनाशके भरलेले पिंप, धुतलेले असले तरी, कदापि वापरू नये. आपल्या भागातील काळी माती एकटी वापरल्यास पाणी धरून ठेवते व वाळल्यावर आवळते. म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे.

बेणे निरोगी व कोंब फुटलेले निवडावे. कुफरी चंद्रमुखी किंवा कुफरी लवकर यांसारखे लवकर तयार होणारे वाण सोयीचे. मोठा बटाटा कापल्यास प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत व फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकवाव्यात. ओल्या फोडी मातीत कुजतात. गोणीची कड खाली दुमडून ती अर्धी भरावी, दोन-तीन फोडी चार बोटे खोल लावाव्यात व गोणी उन्हात ठेवावी.

रोपे वीतभर झाली की बुंध्याशी मातीची भर द्यावी व पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावी. गोणी जितकी उंच तितके बटाट्यांचे थर वाढतात, हा समज लवकर येणाऱ्या वाणांबाबत खरा ठरत नाही. भर देण्याचा खरा हेतू बटाटे झाकणे हा आहे. उघड्या बटाट्यात पोखरणारी अळी शिरते व प्रकाशाने तो हिरवा होतो. हिरव्या बटाट्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढते. ते शिजवूनही पुरते नाहीसे होत नाही. असे बटाटे, विशेषतः मुलांना, खाऊ घालू नयेत.

बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. सुमारे तीन महिन्यांनी पाला पिवळा पडू लागतो. तेव्हा पाणी तोडावे व आठ-दहा दिवसांनी गोणी उपडी करावी. बटाटे सावलीत सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावेत.

एका गोणीतून किलो-दोन किलो उत्पन्न आले तरी समाधान मानावे. एवढ्याने वर्षाची भाजी भागणार नाही. तथापि टाकाऊ गोणीतून घरचे ताजे अन्न मिळते. शिक्षकांनी शाळेत अशी एक गोणी लावल्यास खोड आणि मूळ यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.