पांढरा पडलेला फोटो आणि गालावरचा तीळ



डिसेंबरमध्ये सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही बदलापूरहून लोकलने अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो होतो. शके 982 म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेलं हे शिलाहारकालीन मंदिर काळ्या दगडात बांधलेलं आहे. उन्हात उभं करून मी प्रत्येक मुलाचा एकेक फोटो काढला. घरी येऊन बघते तर दगडावरचं कोरीवकाम सुंदर आलंय आणि चेहरे मात्र पांढरेफटक!

एका मुलीची आई फोटो बघून म्हणाली, "मॅडम, असाच राहू द्या. किती गोरी दिसतेय!" मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, पण माझा तीळ कुठे गेला?"

त्या प्रश्नासाठीच आजचा हा पाठ.

फोटो पांढरा का पडतो?

कॅमेरा समोरच्या दृश्यातला उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम करड्या छटेचं दिसावं असा प्रयत्न करतो. आमच्या फोटोत बहुतेक जागा काळ्या दगडाने व्यापली होती. कॅमेऱ्याला वाटलं, इथे अंधार आहे. त्याने जास्त उजेड आत घेतला. दगड उजळला, पण उन्हातला चेहरा जळून गेला. यालाच ओव्हरएक्सपोजर म्हणतात.

काय गेलं, काय उरलं?

नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 मधला. तिन्ही 255 झाले की ठिपका शुद्ध पांढरा. तिथे आधी कपाळ होतं की भिंत, हे फाईलला माहीतच नसतं. पण आकडे 240-250 असतील तर थोडाफार फरक शिल्लक असतो. आपली सगळी दुरुस्ती त्या उरलेल्या फरकावरच चालते.

दुरुस्ती कशी करायची?

मी गिम्प वापरते. ते मोफत आहे, शाळेच्या कॉम्प्युटरवरही चालतं.

1. मूळ फोटोची कॉपी करा. मूळ फाईलला हात लावू नका.

2. कलर पिकरने कपाळ, नाक आणि गाल यांचे आकडे बघा. कुठे 255 आहे, कुठे कमी आहे, ते लक्षात येईल.

3. लेयर डुप्लिकेट करा आणि वरच्या लेयरचा मोड मल्टिप्लाय ठेवा. यात साधा गुणाकार आहे: 200 × 200 ÷ 255 म्हणजे सुमारे 157. ठिपका गडद झाला. पण 255 × 255 ÷ 255 म्हणजे पुन्हा 255! गेलेलं परत येत नाही, ते इथे गणितानेच कळतं. (मुलांना हा गुणाकार वर्गात जरूर करायला द्या.)

4. केस, डोळे आणि कपडे फार काळे होतात. म्हणून वरच्या लेयरला पांढरा मास्क लावा आणि त्या जागी मऊ काळा ब्रश फिरवा. परिणाम जास्त वाटला तर ओपॅसिटी निम्मी करा.

5. कर्व्हजमध्ये रेषेचा वरचा भाग किंचित खाली ओढा. त्वचेत लाल रंग आधी 255 ला पोचतो, त्यामुळे गडद करताना चेहरा पिवळट दिसू शकतो. तसं झालं तर तिथेच थांबा.

6. अगदी पांढऱ्या डागावर शेजारच्या त्वचेचा रंग घेऊन, खूप कमी ओपॅसिटीने हलकेच ब्रश फिरवता येतो. पण ही रंगरंगोटी झाली. सहलीच्या आठवणीसाठी चालेल, ओळखपत्राच्या किंवा फॉर्मच्या फोटोसाठी नाही. तिथे सरळ दुसरा फोटो काढा.

पुढच्या वेळी

मुलाला सावलीत उभं करा. मोबाईलच्या स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. थोडा काळपट फोटो नंतर बऱ्यापैकी उजळता येतो, जळलेला मात्र सावरत नाही. आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कुठल्याही स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला गेलात तर आधीच सांगा, "चेहरा गोरा करू नका, आहे तसाच ठेवा."

त्या मुलीच्या कपाळावरचा पांढरा डाग काही गेला नाही. पण गालावर थोडा फरक उरला होता, आणि तीळ पुसटसा का होईना, परत दिसला. मी तो काढलेला नाही, तो फाईलमध्येच होता. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आईला दाखवले. त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हो मॅडम, ही आमचीच."

मुलांचे फोटो दुरुस्त करताना आपण उजेडाची चूक सुधारत असतो, मुलाच्या रंगाची नाही. रंगात चूक नसतेच.