जड बोट ओढण्यासाठी वाहनाची निवड : गडचिरोली जिल्ह्यातील पूरस्थितीच्या संदर्भात

प्रास्ताविक

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या जिल्ह्याच्या सीमा बऱ्याच अंशी नद्यांनीच आखलेल्या आहेत. पश्चिमेस वैनगंगा, चपराळ्याजवळ वर्धेशी संगम झाल्यावर तिलाच लाभलेले प्राणहिता हे नाव, सिरोंचाजवळ गोदावरी आणि छत्तीसगडच्या बाजूने इंद्रावती. भामरागडला तर इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा अशा तीन नद्या एकत्र येतात. अशा प्रदेशात बोट ही पर्यटनाची नव्हे, दळणवळणाची वस्तू आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने ब्रह्मपुरी व देसाईगंज परिसरातील गावे वेढली गेली. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुरामुळे सिरोंचा तालुक्यातील अनेक गावे रिकामी करावी लागली. पावसाळ्याबाहेरही धोका टळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ मिरची तोडणीसाठी निघालेल्या स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली आणि जीवितहानी झाली.

अशा प्रत्येक घटनेनंतर बोटींची संख्या, लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षित जवान यांची चर्चा होते. ती योग्यच आहे. परंतु बोट नदीपर्यंत कोणत्या वाहनाने न्यावयाची, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो. आलाच तर ‘गाडी दमदार हवी’ एवढ्या एका वाक्यात तो संपतो. प्रस्तुत लेखाचा रोख या वाक्यावर आहे. जड बोट ओढताना इंजिनाचा दम सर्वांत शेवटी कमी पडतो. त्याच्या कितीतरी आधी चाकांची पकड, ब्रेक आणि जोडणी कमी पडतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

विषयाची मर्यादा आधीच स्पष्ट केलेली बरी. बचाव पथके वापरतात ती फुगवता येणारी रबरी बोट घडी घालून ट्रकमध्ये टाकता येते, तिला ट्रेलर लागत नाही. येथील विवेचन फायबर किंवा ॲल्युमिनियमच्या, न दुमडणाऱ्या, दहा-बारा माणसे बसतील अशा बोटीपुरते आहे. झाडांचे बुंधे, काटेरी तारा आणि बुडालेली कुंपणे यांमधून जाताना अशा बोटीचा टणकपणा उपयोगी पडतो. त्या टणकपणाची किंमत वजनाच्या रूपाने मोजावी लागते.

वजनाचा हिशेब

बोट विकत घेताना कागदावर दिसते ते केवळ सांगाड्याचे वजन. उदाहरणादाखल साडेपाच मीटर लांबीची, ७०० किलो वजनाची एक बोट घेऊ. तिच्या मागच्या फळीवर बसणारे, पथकांच्या बोलीत ‘ओबीएम’ म्हणून ओळखले जाणारे ४० अश्वशक्तीचे इंजिन सुमारे १०० किलोचे असते. पेट्रोलचे ४० किलो, दोर, नांगर, बॅटरी, जॅकेट, वल्ही यांचे ११० किलो आणि खुद्द ट्रेलरचे ३५० किलो धरले की बेरीज १,३०० किलो होते. म्हणजे ‘सातशे किलोची बोट’ रस्त्यावर जवळजवळ दुप्पट होऊन उतरते.

याहून दुर्लक्षित बाब पावसाच्या पाण्याची आहे. बोट उघड्यावर उभी असेल आणि तिचे तोंड ८ चौरस मीटरचे असेल, तर ५० मिलिमीटरच्या एका सरीत तिच्यात ४०० लिटर, अर्थात ४०० किलो पाणी साचते. गडचिरोलीत ५० मिलिमीटर पाऊस ही जुलै महिन्यातील सामान्य गोष्ट आहे. ट्रेलरचा आस आणि टायर १,३०० किलोच्या हिशेबाने घेतलेले असतील, तर त्यांच्यावर अचानक १,७०० किलो येतात. बोटीच्या तळाशी पाणी सोडण्याचे बूच असते. ते उभ्या बोटीत उघडे आणि पाण्यात उतरण्यापूर्वी बंद, हा नियम कोणत्याही वाहनापेक्षा स्वस्त आहे. मात्र दुसरा भाग विसरला गेला तर बोट पाण्यात बुडते, म्हणून बुचाला रंगीत दोरी बांधण्याची पद्धत चांगली.

काठावरील चढण

आता बोट परत बाहेर काढण्याचा प्रसंग पाहू. आपल्याकडे बोटीसाठी बांधलेले सिमेंटचे उतार जवळजवळ नाहीत. व्यवहारात उपयोगी पडतात ते रेतीघाटांचे रस्ते. आठास एक या प्रमाणातील चढण, वर चिखल. जीप माणसांसह २,००० किलो, ट्रेलर १,३०० किलो, एकूण ३,३०० किलो. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकविला जाणारा उतरणीचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. चढणीमुळे मागे खेचणारे बल वजनाच्या आठव्या हिश्श्याएवढे, म्हणजे सुमारे ४१० किलोभार. चिखलात चाके रुतल्यामुळे होणारा विरोध वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा धरला तर आणखी ३३०. एकूण गरज ७४० किलोभाराची.

यासाठी किती अश्वशक्ती लागते? माणसाच्या चालण्याच्या वेगाने, ताशी ४ किलोमीटरने चढायचे असेल तर फक्त ११. भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हे गणित कागदावर अवश्य ताडून पाहावे. बोलेरोसारख्या साध्या जीपमध्येही ७५ अश्वशक्ती असते. तरीही ती जीप तेथे अडकते, कारण बल इंजिनात असले तरी ते जमिनीला मिळत नाही. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या जीपच्या त्या चाकांवर जोडणीच्या भारासह सुमारे १,१०० किलो येतात. ओल्या चिखलात पकडीचा गुणांक ०.३५ धरला तर मिळणारे बल ३८५ किलोभार, गरजेच्या जेमतेम निम्मे. चाके जागीच फिरतात आणि खड्डा करतात. त्याच जीपला चारही चाकांची ओढ असेल तर २,१०० किलोंवर ७३५ मिळतात. म्हणजे काठावर पास.

ट्रॅक्टरचा हिशेब वेगळा होतो. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजनही २,००० किलोच्या आसपासच असते, पण त्यातील सुमारे १,३०० किलो मोठ्या मागच्या चाकांवर असते. उंच नक्षीचे टायर चिखलात रोवले जातात. गुणांक ०.५५ धरला, तर जोडणीचा भार मिळवून ७७० किलोभार मिळतात. शेतकरी मागच्या टायरांत पाणी भरतात, दोन्ही मिळून साधारण ३०० ते ४०० लिटर. साडेतीनशे किलोंच्या या भरीने पकड सुमारे १९० किलोभाराने वाढते आणि ओढायचा बोजा मात्र ८० नेच वाढतो. गुणांक जागेगणिक व दिवसागणिक बदलतात, त्यामुळे या आकड्यांना नेमकेपणा चिकटवू नये. त्यांमधील परस्पर प्रमाण महत्त्वाचे.

दोन बारकावे आणखी आहेत. हलका गिअर नसलेली जीप चढणीवर क्लच अर्धवट दाबून रांगत चढवावी लागते आणि दोन-तीन फेऱ्यांतच क्लच जळू लागतो. म्हणून जीप घ्यायचीच असेल तर चारचाकी ओढीबरोबर थारसारख्या गाड्यांत असणारी हलक्या गिअरची स्वतंत्र जोडही हवी. दुसरा बारकावा धुराड्याचा. जीप मागे मागे पाण्यात नेली की तिचे धुराडे सर्वांत आधी बुडते. ट्रॅक्टरचे धुराडे बहुधा बॉनेटवर उभे असते. हा योगायोग असला तरी फायद्याचा आहे.

थांबण्याचा प्रश्न

इथवर वाचून ट्रॅक्टरच सर्वत्र योग्य, असा ग्रह होणे शक्य आहे. तसे नाही. गडचिरोली ते सिरोंचा हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे आणि ट्रॅक्टर ताशी तीसच्या आसपास चालतो. सकाळी निघालेली बोट संध्याकाळी पोहोचेल. लांब पल्ल्यासाठी जीप, पिकअप किंवा लहान ट्रकच हवा आणि तेथे कसोटी ओढण्याची नसून थांबण्याची असते.

जीपचे ब्रेक जीपसाठी घडविलेले असतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर २,००० किलोंसाठीचे ब्रेक ३,३०० किलोंना थांबवू लागतात. ताशी ५० च्या वेगातील एकट्या जीपला थांबविण्यास जेवढे काम करावे लागते तेवढे ट्रेलरसह ताशी ३९ लाच करावे लागते. आलापल्लीच्या पुढे सागवनातील अरुंद, ओल्या रस्त्यावर वळणात ब्रेक दाबला की मागची बोट सरळ पुढे येऊ पाहते आणि जीपला आडवी करते. युरोपीय देश व ऑस्ट्रेलिया येथे ७५० किलोंवरील ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. पुढचे वाहन मंदावताच ट्रेलर आपल्याच रेट्याने स्वतःचे ब्रेक लावतो अशी साधी यांत्रिक सोय तेथे रुळली आहे. आपण खरेदीच्या अटींत वाहनाची अश्वशक्ती लिहितो. ट्रेलरच्या ब्रेकची ओळ तिच्याआधी यायला हवी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

परदेशी आकडे मात्र जपून वापरावेत. टोयोटा हायलक्स ही गाडी २०२२ पासून भारतात मिळते. ऑस्ट्रेलियात तिच्या डिझेल चारचाकी रूपांना ३,५०० किलोंपर्यंत ओढण्याची मान्यता आहे. पण तो आकडा ब्रेक असलेल्या ट्रेलरचा, तेथील मान्य जोडणीसह. आपल्याकडील बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेलीच नसते. अशा वेळी निर्मात्याकडून ती लेखी मागवावी. ती मिळत नसेल तर भरलेला ट्रेलर रिकाम्या गाडीच्या वजनापेक्षा बराच कमी ठेवणे एवढाच सुरक्षित मार्ग उरतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची नोंदणी, क्रमांक आणि दिवे यांची कागदोपत्री बाजू पुराच्या दिवसापर्यंत लांबवू नये.

जोडणी आणि मागे घेणे

जोडणीच्या जागी ट्रेलरने वाहनावर किती वजन टाकावे? बोटीच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के हे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्या उदाहरणात ६५ ते १३० किलो. ते कमी पडले तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. जास्त झाले तर वाहनाचे पुढचे टोक उचलले जाऊन स्टिअरिंग हलके पडते. बोटीचे सर्वांत जड अंग, म्हणजे इंजिन, अगदी मागे असल्याने पहिली चूक अधिक संभवते. धान्य खरेदी केंद्रावरील काट्यावर ट्रेलरचे टोक टेकवून हा भार मोजता येतो आणि बोट थोडी पुढेमागे सरकवून तो दुरुस्त करता येतो.

आता खरी अडचण. जीपला बहुधा ५० मिलिमीटरचा गोळा बसवितात, तर ट्रॅक्टरला पिनेचा हूक असतो. गोळ्यासाठी बनविलेला ट्रेलर ट्रॅक्टरला जोडता येत नाही. लांबचा रस्ता जीपने आणि शेवटचे दोनशे मीटर गावातील ट्रॅक्टरने, हीच आपल्या भूगोलाला साजेशी विभागणी आहे, पण ती या एका लोखंडी तुकड्यापाशी अडते. उपाय सोपा आहे. ट्रेलरच्या टोकाला मजबूत कडी बसवावी. जीपच्या मागे तिला साजेसा बंद होणारा हूक असावा, म्हणजे तीच कडी ट्रॅक्टरच्या पिनेतही जाते. जोडणीची उंची दोन्हीकडे जुळावी, अन्यथा ट्रेलर नाक वर किंवा खाली करून चालतो.

ट्रॅक्टरबरोबर आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे चालक. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावे लागते. शहरी चालकाला हे सहसा जमत नाही. रपट्यावर पाणी आलेले पाहून अरुंद रस्त्यावर माघार घ्यायची वेळ आली तर ही उणीव गंभीर ठरते. रेतीघाटावर वर्षानुवर्षे ट्रॉली मागे घेणारा तरुण मात्र हे काम बोलत बोलत करतो. त्याचे कौशल्य कोणत्याही निविदेत नसते.

बोट कोठे ठेवावी

वाहनाची निवड शेवटी अंतरावर अवलंबून आहे आणि अंतर ठरविणे आपल्या हाती आहे. पर्लकोटेवरील ठेंगणा पूल पाण्याखाली जाऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. २०१९ च्या पावसाळ्यात तर पुन्हा पुन्हा. अशा दिवशी आलापल्लीला उभी असलेली उत्तमातील उत्तम चारचाकी गाडीही अलीकडच्या तीरावरच थांबते. बोट जूनपूर्वी पलीकडे नेऊन ठेवली असेल तर तिला ओढण्यास गावातील ट्रॅक्टर पुरतो. हीच गोष्ट सिरोंचा, अहेरी, चामोर्शी आणि देसाईगंज यांची. प्रत्येक ठिकाणी दोन ट्रॅक्टरमालकांशी आधी बोलणे झालेले असावे, कारण पुराच्या रात्री रोवणीचा चिखल तुडवून थकलेला ट्रॅक्टर आणि त्याचा मालक, दोघेही दूर शेतावर असू शकतात.

कडी हुकात बसते का, ब्रेक लागतात का, चढण पार होते का, हे मे महिन्यात रेतीघाटावर पाहून घ्यावे. कोरड्या रेतीत चाके रुततात, तेव्हा टायरमधील हवा थोडी कमी करण्याचा सरावही त्याच दिवशी होईल. लांबून ओढत आणलेल्या ट्रेलरची चाके तापलेली असताना ती थेट पाण्यात घालू नयेत. गरम बेअरिंग थंड होताना पाणी आत ओढते आणि महिन्याभरात गंजते. पावसाळ्यातील वजनाची चाचणी घ्यायची असेल तर बूच लावून बोटीत ४०० लिटर पाणी भरावे, ट्रॅक्टरला चढण चढवून बघावे आणि वर पोहोचल्यावर बूच काढून पाणी सोडून द्यावे.