पंक्तीबाहेरचें लोखंड

विजेची इस्त्री तापते ती तारेंतील रोधामुळें, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु १९११ सालीं हॉलंडांतील लेडन येथें कामरलिंग ओनेस यांनीं पारा उणे २६९ अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला, तेव्हां त्याचा रोध अजिबात नाहींसा झाला. हीच अतिवाहकता.

तिचें कारण १९५७ सालीं बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं सांगितलें. मऊ गादीवर एकजण बसला कीं खळगा पडून शेजारचाहि तिकडे कलतो. तद्वत् एक इलेक्ट्रॉन जातांना अणूंची जाळी किंचित् ओढतो, व त्या कंपनाच्या योगानें दुसरा त्याच्याशीं जोडला जातो. अशा जोड्या विनारोध वाहतात. चुंबकत्व मात्र त्या फोडतें. म्हणून या पंक्तींत लोखंडाचें पान मांडावयाचें नाहीं, असा जणूं दंडकच होता.

तो २००८ सालीं जपानमधील हिदेओ होसोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोडला. लँथॅनम, ऑक्सिजन, लोह व आर्सेनिक यांच्या संयुगांत थोडें फ्लोरिन घालतांच तें उणे २४७ अंशांवर अतिवाहक झालें. त्याच वर्षीं चीनमधील संशोधकांनीं लँथॅनमऐवजीं समेरियम योजून ही मर्यादा उणे २१८ अंशांपर्यंत चढविली.

मग येथें जोड्या जुळविणारा मध्यस्थ कोण? जाळीचें कंपन, कीं चुंबकत्वाची लहर? एकट्या कंपनाचें बळ एवढ्या उष्णतामानास पुरत नाहीं, असें गणितानें दिसलें. शुद्ध संयुगांत लोहाचे अणुचुंबक उलटसुलट ओळींनीं रचलेले असतात. मिश्रणानें ती शिस्त मोडते, पण थरथर उरते. पदार्थ अतिवाहक होतांच ती थरथर एका ठराविक ऊर्जेवर बळावते, असें न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत आढळलें.

तरीहि निकाल एकतर्फी नाहीं. जड अणु मंद कांपतात. तेव्हां कंपन मध्यस्थ असेल तर जड लोहानें अतिवाहकतेचें उष्णतामान उतरावें. २००९ सालच्या परीक्षेंत एका गटास तसें दिसलें, दुसऱ्यास नेमकें उलट! शिवाय आर्सेनिकचा अणु किंचित् वरखालीं झाला कीं लोहाचें चुंबकत्वहि बदलतें. दोघांची फारकत करावी तरी कशी?

मध्यस्थ नक्की ओळखला तर अधिक उष्णतामानांतहि टिकणारे अतिवाहक हेतुपुरस्सर शोधतां येतील. नाहीं तर चांचपडणेंच आहे. आज बहुतेकांचा कौल चुंबकत्वाकडे झुकतो. ज्यास वैरी म्हणून पंक्तीबाहेर बसविलें तोच जोड्या जुळविणारा निघावा, ही गोष्ट दंडक घालणारांनीं मनांत ठेवण्याजोगी आहे, असें आम्हांस वाटतें.