शब्दही वाजवून घ्यावा

आठवडी बाजारात माठ घेणारा माणूस आधी काय करतो? माठ एका हातावर तोलतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असे समजायचे. डोळ्यांना दोन्ही माठ सारखेच दिसतात. फरक कळतो तो कानाला. बोलण्याचेही तसेच आहे. ‘फार हुशार आहात तुम्ही’ हे चार शब्द कागदावर लिहिले तर ती स्तुती ठरते. तेच शब्द ‘फाऽर’ लांबवून, मान किंचित वाकडी करून म्हटले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. शब्द तेच, पण आवाज बद्द येतो. या बद्द आवाजाला आपण उपरोध म्हणतो.

मराठीत या एका गोष्टीला किती नावे आहेत पाहा. मैत्रीत मारतात ती कोपरखळी. चारचौघांत हसत हसत काढतात तो चिमटा. सासुरवाशिणीला येता-जाता ऐकावा लागतो तो टोमणा. आणि समोरच्याला लहान करण्यासाठीच केलेला असतो तो उपहास. आमच्या घरच्या दखनी बोलीत ‘ताना’ म्हणतात, उर्दू साहित्यात ‘तंज’ म्हणतात. ज्या समाजाकडे एका गोष्टीसाठी इतके शब्द असतात, त्याने ती गोष्ट पुष्कळ वापरलेली असते आणि पुष्कळ सोसलेलीही असते.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याचा विचार फार पूर्वी केला. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘काकु’ या नावाने आवाजाच्या चढउताराची चर्चा आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले, त्यांतला एक काकुवक्रोक्ती. म्हणजे शब्दाला हात न लावता केवळ स्वराने अर्थ फिरवणे. व्याजस्तुती हा अलंकार आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केला असेल. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा नेमके उलट. शाळेतून बाहेर पडल्यावर हा अलंकार आपण विसरतो, पण घरात, पारावर आणि एस.टी.च्या रांगेत रोज वापरत असतो.

मग तो ओळखायचा कसा? मराठी माणसाला काही खुणा आपोआप कळतात. त्या जरा मोकळ्या करून पाहू.

पहिली खूण आदराची. पहाटे घरी परतलेल्या मुलाला आई नेहमी ‘आलास का?’ म्हणते. त्या दिवशी ती म्हणते, ‘आलात का राजे? चहा ठेवू का आपल्यासाठी?’ ‘तू’चा ‘आपण’ झाला की मुलगा समजतो, आज काही खरे नाही. जिथे आदर नेहमीचा नाही, तिथे तो अचानक आला तर दाराआड काहीतरी उभे आहे. ‘लाटसाहेब’ आणि ‘नवाब’ हे शब्दही असेच. आमचा जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हा नवाब खरेच होते. आता नवाब राहिले ते उशिरापर्यंत लोळणाऱ्या पोराला हाक मारण्यापुरते.

दुसरी खूण काही ठरलेल्या वाक्प्रचारांची. ‘चांगले दिवे लावलेस’, ‘मोठा उजेड पाडलास’, ‘बापाचे नाव काढलेस’, ‘पाठीची पूजा केली’, ‘प्रसाद मिळाला’. यांतले काही शब्दप्रयोग आता सरळ अर्थाने वापरायचीच पंचाईत. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीला ‘दिवे लावलेस गं’ असे कुणी म्हणत नाही. ‘शहाणा’ या शब्दाचीही तीच गत. शहाणपण चांगलेच, पण ‘लई शाना हायस’ म्हटल्यावर कुणी आभार मानत नाही.

तिसरी खूण छोट्या शब्दांची: ‘म्हणे’, ‘तर’, ‘ना’ आणि वाक्याच्या शेपटीला चिकटलेला ‘च’. ‘साहेब येणार आहेत’ ही बातमी झाली. ‘साहेब येणार आहेत म्हणे’ यात अविश्वास डोकावला. आणि ‘येणारच तर! का नाही येणार?’ म्हटले की साहेब येणार नाहीत हे नक्की.

या ‘म्हणे’मध्ये उपरोधाचे मर्म दडलेले आहे असे मला वाटते. 1981 साली डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन या अभ्यासकांनी असे मांडले की, उपरोधाने बोलणारा स्वतःचे वाक्य बोलतच नसतो. तो दुसऱ्या कुणाचे तरी म्हणणे, कुणाची तरी अपेक्षा उचलतो आणि आपल्याला ती किती पोकळ वाटते हे दाखवत परत ऐकवतो. पेरणी होऊन तीन आठवडे झाले आहेत, आभाळ कोरडे आहे, आणि बांधावरचा शेतकरी वर बघून म्हणतो, ‘वा! काय धो धो पाऊस चाललाय!’ हे वाक्य त्याचे नाही. सकाळी कुणीतरी वर्तवलेल्या अंदाजाचा तो प्रतिध्वनी आहे. म्हणून एखादे बोलणे तिरके आहे की सरळ अशी शंका आली, तर मनाशी विचारावे: हे वाक्य मुळात कुणाचे? कुणाची आशा, कुणाची बढाई, कुणाचा शब्द इथे परत ऐकवला जातो आहे? उत्तर सापडले की बोलणे उलगडते.

आपल्याच जिल्ह्यातल्या तेर गावची गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. सगळे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. तेव्हा ठरले की हे मडके अजून कच्चे आहे. कथा पुढे जाते. नामदेव विसोबा खेचरांकडे जातात, तर विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. वरवर पाहिले तर ही एका म्हाताऱ्याची विनंती आहे. आतून ती नामदेवांच्याच समजुतीचा प्रतिध्वनी आहे. देव एका जागी असतो, दुसरीकडे नसतो, हे तुझेच म्हणणे ना? मग दाखव ती जागा. नामदेवांना ते कळले. उपरोध इतक्या उंचीवर जाऊ शकतो, कारण तो मारण्यासाठी नव्हता, उघडण्यासाठी होता.

येथे खरा प्रश्न येतो. तिरके बोलणे ओळखले, पुढे काय? ते चांगले की वाईट हे शब्दांवरून ठरत नाही, स्वरावरूनही पूर्ण ठरत नाही. ते ठरते नात्यावरून, आणि कोण कुणाला बोलतो आहे यावरून.

माझाच अनुभव सांगतो. मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. माझे मित्र मला लांबून पाहिले की ओरडतात, ‘आले, आमचे कविकुलगुरू आले! उठा, जागा द्या!’ हा शुद्ध उपरोध आहे, पण मला तो कधी टोचला नाही. त्यात माझे असणे गृहीत धरलेले आहे. उलट एखाद्या कार्यक्रमानंतर कुणी भला माणूस जवळ येतो आणि मनापासून म्हणतो, ‘तुम्ही असूनही किती शुद्ध मराठी बोलता हो!’ त्याच्या मनात तीळभरही उपरोध नसतो. मडके पक्के वाजते. तरीही त्या ‘असूनही’चा खडा घरी येईपर्यंत चपलेत राहतो. या मातीत माझ्या आजोबांची कबर आहे. मराठी मला कुणी बक्षीस दिलेली नाही. सांगायचे इतकेच की, तिरके बोलणे तेवढे दुखवते आणि सरळ बोलणे सुखावते असा हिशेब नसतो.

आमच्या जिल्ह्याचे नाव 2023 साली अधिकृतपणे धाराशिव झाले. त्यानंतर मला पुष्कळांनी विचारले, ‘काय हो, आता पत्त्यात काय लिहिता?’ कुरिअरवाल्याने विचारले तेव्हा तो पत्ताच विचारत होता. दुसऱ्या कुणी डोळे बारीक करून विचारले, तेव्हा तो पत्ता विचारत नव्हता. प्रश्न एकच, पण प्रत्येक वेळी वाजवून घ्यावा लागला. आणि एक सांगतो, बहुतेक वेळा तो पक्काच वाजला. सगळीकडे टोमणेच ऐकू येऊ लागले, तर दोष कधी कधी कानाचाही असतो.

तिरके बोलणे दुबळ्याच्या हातात ढाल असते आणि बलवानाच्या हातात चाबूक. तमाशातला सोंगाड्या राजाला वाकून वाकून मुजरे करता करता त्याची अब्रू काढतो, तेव्हा गाव हसते, कारण सरळ बोलण्याची सोय नसते. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण मात्र उलट्या दिशेची. तिथे बोलणारी वरच्या पायरीवर असते आणि सुनेला उत्तर देण्याची सोय नसते, कारण तिला कुणी काही म्हटलेलेच नसते. खरीप हातचे गेलेल्या घरातल्या कर्त्या माणसाला पारावर कुणी म्हणतो, ‘यंदा बंगला बांधणार म्हणे!’ म्हणणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणारा त्या रात्री जेवत नाही. अशा वेळी बाकीच्यांचे हसणे हा त्या टोमण्यातला अर्धा भाग असतो. आपण हसलो नाही तर टोमणा तिथेच पडतो.

काहींना हे बोलणे ओळखूच येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मुलांना साधारण पाच-सहा वर्षांनंतर बोललेले आणि म्हणायचे असलेले वेगळे असू शकते याची जाण येऊ लागते. त्यातली गंमत कळायला आणखी काही वर्षे जातात. लहानग्याने दूध सांडल्यावर ‘शाब्बास!’ म्हटले तर तो खरेच खूश होतो आणि मग आपला चेहरा पाहून गोंधळतो. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना शब्द समजतात, पण स्वराचा वळसा निसटतो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना, मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना हा वळसा पकडणे अवघड जाते. त्यांच्याशी सरळ बोलावे. तो आपला शहाणपणा, सरळ अर्थाने.

आणि आता तर आपण सगळेच थोडे बहिरे झालो आहोत. मोबाइलवरच्या लिखित निरोपात काकु नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने कळवायला सांगितली, कधी आवाजातून, कधी ई-मेलने. आपला रोख समोरच्याला कळेल अशी खात्री दोन्ही वेळा सारखीच होती. आवाजातून तो बहुतांशी कळला. लेखी निरोपात मात्र अंदाज निम्म्याहून थोडेसेच अधिक बरोबर आले, म्हणजे नाणे उडवण्यासारखेच. लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वर वाजत असतो, पण तो पडद्यावर उमटत नाही. नातेवाइकांच्या गटात ‘वा, छान!’ एवढ्या दोन शब्दांवरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

यावर उपाय साधा आहे. लेखी निरोप टोचला तर लेखी उत्तर देऊ नये, फोन लावावा. आवाज ऐकला की निम्मे गैरसमज जागीच मिटतात. समोरासमोर शंका आली तर ‘हे गमतीने म्हणालात की मनापासून?’ असे शांतपणे विचारावे. ज्याचा हेतू चांगला असतो तो लगेच उलगडून सांगतो, ज्याचा नसतो त्याची पंचाईत होते. आणि टोमणा ओळखूनही कधी कधी त्याचा सरळ अर्थच घ्यावा. ‘फार हुशार आहात’ म्हणणाऱ्याला ‘आभारी आहे’ म्हणून पुढे जावे. त्यापेक्षा तिखट उत्तर मराठीत तरी मला सापडलेले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)