फवारणी पंपातील हवेची गळती

सारंगखेड्याच्या परिसरात तापीच्या काठाने कापूस, मिरची, केळी व पपई ही पिके घेतली जातात. कपाशीवर व मिरचीवर रस शोषणाऱ्या किडी पडल्या म्हणजे फवारणीची घाई होते, आणि फवारूनही कीड हटली नाही तर दोष औषधास किंवा दुकानदारास दिला जातो. पुष्कळ वेळा औषध चांगले असते व दोष पंपात असतो. द्रावण गळते ते डोळ्यांस दिसते. हवा गळते ती दिसत नाही.

दाबाच्या पंपात टाकी दोन तृतीयांश भरून उरलेल्या जागेत हवा कोंडतात. ही कोंडलेली हवाच द्रावण नळीतून तोटीकडे ढकलते. गळतीचा शोध घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पंप निर्दोष असला तरी फवारणी चालू असता दाब उतरतोच. १२ लिटरच्या टाकीत ८ लिटर पाणी व ४ लिटर हवा आहे आणि दाबमापक दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम दाखवितो, असे समजावे. वातावरणाचा १ किलोग्रॅम धरून आतील एकूण दाब ४ होतो. ४ लिटर द्रावण बाहेर पडले की हवेस दुप्पट जागा मिळते, एकूण दाब २ वर येतो व मापकावर १ उरतो. अशा वेळी तोटीतून पूर्वीच्या सुमारे सहा दशांश इतकेच द्रावण पडते व थेंबही मोठे होतात. तेव्हा मधून मधून हवा भरणे हे कामच आहे, त्यास गळती म्हणू नये. तोटी बंद ठेवूनही दाब उतरत असेल तर मात्र ती गळती होय.

ती शोधण्याची रीत सोपी आहे. टाकी स्वच्छ धुऊन साधे पाणी भरावे, दाब द्यावा व तोटी बंद ठेवून पाव तास थांबावे. मग साबणाचा दाट फेस कुंच्याने प्रत्येक सांध्यावर लावावा. जेथे बुडबुडे फुगत राहतात तेथे हवा निसटते. पहिला संशय टाकीच्या तोंडावरील रबरी वायसरवर घ्यावा; कारण हवा वरच्या भागात असते. तळाकडील सांधा सुटला तर पाणी ठिबकते व ते आपोआप कळते. दांडा दाबून सोडल्यावर तो आपणहून वर येऊ लागला तर पंपाच्या नळकांड्याखालील झडप नीट बसत नाही, तिच्यात कचरा अडकला आहे किंवा ती झिजली आहे, असे समजावे.

दांडा हलका लागून दाबच चढत नसेल तर आतील वाटीसारखा वायसर सुकलेला असतो. तो चामड्याचा असल्यास काढून गोड्या तेलात भिजवावा. दत्तजयंतीच्या घोडेबाजारास सारंगखेड्यात येणारा मनुष्य जाणतो की, लगामाचे व खोगिराचे चामडे तेलाविना ताठ होऊन भेगाळते. वायसरचे चामडेही त्याच जातीचे.

रबराची गोष्ट निराळी आहे. पाण्यात मिसळताच दुधी होणाऱ्या औषधांत तेलकट द्रावके असतात व त्यांनी साधे रबर फुगते, मऊ होते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसविण्याची गावोगावची युक्ती म्हणूनच फार दिवस टिकत नाही. ज्यास दुकानात ओ-रिंग म्हणतात ती गोल कडी किंवा वायसर नायट्राइल रबराचा, त्याच मापाचा घ्यावा. जुना नमुना बरोबर न्यावा. कडी बसविण्यापूर्वी तिची खाच पुसून घ्यावी. वाळूचा एक कण हवेला वाट करून देण्यास पुरतो. आट्यांवर पांढरी फीत गुंडाळून हा दोष जात नाही. अशा सांध्यात हवा आटे अडवीत नाहीत, वायसर अडवितो. पान्याने जोर करून आवळल्यास तो चिरडतो व गळती वाढते. हाताने घट्ट बसेल इतकेच आवळावे.

दाब असलेली टाकी उघडणे धोक्याचे आहे. सुरक्षा झडप असल्यास तिने हवा सोडावी. नसल्यास तोंड बाजूस करून झाकण अर्धा अर्धा आटा सैल करावे व फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत ते काढू नये. तोटी तुंबली तर ती तोंडाने कधीही फुंकू नये.

पाठीवर गळणारा पंप केवळ औषध वाया घालवीत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु औषध कातडीवाटे शरीरात शिरते हे त्यामुळे घरोघर कळले. ओली झालेली पाठ वाऱ्याने वाळेल म्हणून फवारीत राहणे हा अविचार आहे. काम थांबवावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, आणि पंप दुरुस्त होऊन साध्या पाण्याच्या परीक्षेस उतरल्यावरच त्यात पुन्हा औषध घालावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही परीक्षा हंगामापूर्वी, पंप अडगळीतून बाहेर निघतो तेव्हाच, शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. गावातील पंपांच्या मापाचे चार वायसर व दोन झडपा डबीत जवळ ठेवाव्यात. ऐन फवारणीत त्यांसाठी शहाद्यास जाण्यात दिवस मोडतो.