उंच छताखालचा धूर

बीम स्मोक डिटेक्टर हे मोठ्या इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवरक्त किरण सोडून त्याच्या आड येणारा धूर ओळखणारे उपकरण आहे. एका प्रकारात किरण सोडणारा आणि तो झेलणारा असे दोन भाग समोरासमोर असतात. दुसऱ्यात दोन्ही भाग एकाच डबीत बसवतात आणि समोरच्या भिंतीवरचे परावर्तक किरण माघारी पाठवते. पोहोचणारा प्रकाश ठरलेल्या प्रमाणात, साधारणतः २५ ते ५० टक्के, घटला की गजर वाजतो. प्रकाश एकदम पूर्ण बंद झाला, तर आगीऐवजी बिघाडाची सूचना मिळते. कारण धूर हळूहळू दाटतो, आडवी आलेली शिडी एका क्षणात किरण तोडते.

छताला चिकटवायचा नेहमीचा वाटीसारखा डिटेक्टर साधारण साडेदहा मीटर उंचीपर्यंतच भरवशाचा. धूर वर चढताना भोवतालची हवा ओढत पसरतो व विरळ होतो. हा विरळ धूर एका बिंदूवर पुरेसा जमत नाही, पण किरणाच्या संपूर्ण लांबीवर त्याची बेरीज होते. बहुतेक बीम १०० मीटरपर्यंत चालतात आणि दोन्ही बाजूंना साडेसात मीटर पट्टा राखतात. म्हणजे एक जोडी सुमारे १,५०० चौरस मीटर सांभाळते.

चंद्रपूर-गडचिरोलीत असे उपकरण कामाचे, कारण तिथे कागद, सागवान, बांबू, धान आणि तेंदूपत्ता हा जळाऊ माल मोठ्या प्रमाणावर साठवला जातो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची बांबूत उभारलेली इमारत फेब्रुवारी २०२० मध्ये जळाली. मे २०२२ मध्ये बल्लारपूरजवळ कळमना येथे कागद गिरणीच्या लाकूड डेपोला आग लागली. अशा उघड्या डेपोत मात्र बीम निरुपयोगी ठरतो. धूर अडवायला वर छत हवे.

बीम छतापासून साधारण ३० ते ६० सेंटिमीटर खाली बसवतात. पण चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा टिनाच्या पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर साचतो. धुमसत्या आगीचा कोमट धूर तो थर भेदू शकत नाही व खालीच आडवा पसरतो. म्हणून अशा शेडमध्ये खालच्या पातळीवर आणखी एक बीम लावावा लागतो.

बीम पत्र्यावर किंवा हलणाऱ्या पट्टीवर न लावता भक्कम खांबावर किंवा भिंतीवर लावावा. अर्ध्या अंशाचा कल १०० मीटरवर किरणाला सुमारे ८७ सेंटिमीटर सरकवतो. किरणाच्या वाटेत क्रेन किंवा मालाची थप्पी येऊ नये, आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन किरण झेलणाऱ्या भागावर थेट पडू नये.

राइस मिलमधला भुसा आणि कागदाची धूळ काचेवर बसते. नवी उपकरणे या थराची भरपाई काही प्रमाणात करतात, मग सफाईची सूचना देतात. चाचणीसाठी काचेसमोर ठरावीक अपारदर्शकतेचा फिल्टर धरतात व गजर वाजतो का, ते पाहतात.

मांडणी व देखभालीसाठी भारतीय मानक आयएस २१८९ आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाला किंवा भोगवटादाराला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते.