थंब लागत नाही, तेव्हा तळहात

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि गावाचं पोट मागावर चालू लागलं. तुटलेला धागा जोडायचा, धोट्यात कांडी भरायची, वहिफणीत एकेक तार ओवायची, हे सगळं बोटांचं काम. कष्टानं बोटांवरच्या रेषा झिजतात, तेलाघामानं बुजतात, आणि मग रेशन दुकानातल्या मशीनपुढे ऐकू येतं, "थंब लागत नाही!"

पण त्याच हातात, कातडीखाली, कधीही न झिजणारी ओळख आहे: शिरांचं जाळं. ते प्रत्येकाचं वेगळं, जुळ्या भावंडांचंही वेगळं. कारखान्यात हजेरीसाठी तळहात वाचणारा स्कॅनर त्यावर अवरक्त प्रकाश टाकतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून काही मिलिमीटर आत शिरतो. ऑक्सिजन देऊन परतणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं. म्हणून कॅमेऱ्याला शिरा काळ्या दिसतात. रक्ताचा रंगच इथे शाई होतो!

एवढं कळलं, की यंत्राचे बहुतेक रुसवे आपसूक उलगडतात. उन्हातही अवरक्त किरण भरपूर असतात. स्कॅनर खिडकीसमोर ठेवला की त्याचे डोळे दिपतात. जागा बदला. थंडीतल्या पहाटपाळीला हात गारठतात, शिरा आकसतात, चित्र फिकट येतं. हात चोळा, पुन्हा धरा. कारखान्यात उडणारं कापसाचं तूस काचेवर बसतं. मऊ कोरड्या फडक्यानं ती पुसा. हात टेकवायचा नसतो, काचेपासून काही सेंटिमीटर वर, बोटं पसरून, सपाट धरायचा.

संगणकाला स्कॅनर दिसतच नसेल, तर दोष हाताचा नाही. आधी ड्रायव्हर टाकला का, अ‍ॅपला परवानगी दिली का, हे बघा. केबल हबमधून काढून थेट संगणकाच्या यूएसबीला लावा. कित्येकदा वीजच अपुरी मिळत असते. आणि नोंदणी घाईत उरकू नका. त्या वेळी हात वाकडा धरला असेल, तर पुढे रोज सरळ धरलेला हात परका ठरतो. अशा वेळी नव्यानं नोंद करणंच बरं.

सर्वांत नवलाची गोष्ट अशी, की यंत्र "हाच तो माणूस" असं कधी म्हणतच नाही. ते फक्त साम्य मोजतं. किती साम्य पुरे, ती रेघ माणूस ओढतो. रेघ वर नेली तर खरा कामगार दाराबाहेर राहतो, खाली आणली तर भलताच आत येतो. म्हणून हजेरीची वही जवळ असू द्या. यंत्र चुकलं म्हणून कुणाचा खाडा लागू नये. आणखी एक. पासवर्ड बदलता येतो, तळहात बदलता येत नाही. त्याची नोंद कुठे साठवली जाते, कुणाच्या हाती असते, हे हात पुढे करण्याआधी खुशाल विचारा.